‘अनाथ’ हा शब्द खोडताना

लालबागच्या एका रात्रशाळेत मी विज्ञान शिकवते. दिवसभर कामावर राबून वर्गात येणाऱ्या दहावीच्या मुलांसाठी, कोणत्याही ताऱ्याभोवती न फिरणाऱ्या ग्रहांएवढ्या पिंडांवर एका तासिकेचे व्याख्यान तयार करायला घेतले आणि शीर्षकापाशीच अडले. ‘अनाथ ग्रह’ हे शीर्षक मुलांच्या मनाला भिडले असते. पण अनाथ म्हणायचे तर आधी पालक तारा असायला हवा. यांतील काही पिंड इतर ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणामुळे आपल्या ग्रहमालेबाहेर फेकले गेले असावेत, तर काही ताऱ्यांप्रमाणे थेट वायूचा ढग आकसून तयार झाले असावेत, आणि अशांना पालक कधी नव्हताच. मृगातील तेजोमेघात २००० साली अवरक्त किरणांत दिसलेल्या तरुण पिंडांच्या जन्माविषयी अजूनही मतभेद आहेत. म्हणून ते शीर्षक खोडून मी ‘मुक्त ग्रहतुल्य पिंड’ असे लिहिले. वरची मर्यादा सांगणे सोपे होते: गुरूच्या सुमारे १३ पट वस्तुमानापुढे गाभ्यात ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, संमीलन सुरू होते आणि तेथून पुढच्या, पण तारा होण्याइतक्या जड नसलेल्या पिंडांना तपकिरी बटू म्हणतात.

खरी कसोटी लागली ती न दिसणारे पिंड सापडतात कसे, हे सांगताना. वर्गात अंधार करून टेबलावर मोबाइलचा दिवा ठेवला, समोरच्या भिंतीवर पेन्सिलीने फुली काढली आणि दिव्यापुढून भिंग सावकाश सरकवले. भिंग आड येताच फुलीवरचा उजेड वाढला आणि ते पुढे गेल्यावर ओसरला. भिंगाच्या कडेची सावलीही भिंतीवर फिरत होती. ती खऱ्या घटनेत नसते, हे मला मुद्दाम सांगावे लागले. आकाशात पिंड दूरच्या ताऱ्याच्या आड आला की भिंगाचे हे काम त्याचे गुरुत्वाकर्षण प्रकाश वाकवून करते आणि मागचा तारा काही काळ उजळतो. असा योग इतका विरळा की चिली आणि न्यूझीलंडमधील दुर्बिणींना धनु राशीकडील कोट्यवधी ताऱ्यांवर सतत नजर ठेवावी लागते. पिंड जितका हलका, तितका काळ कमी. २०१६ मधील एका घटनेचे कालमान जेमतेम ४२ मिनिटे, म्हणजे आमच्या तासिकेएवढे होते आणि त्यावरून तो पिंड मंगळ ते पृथ्वी यांच्या दरम्यानच्या वस्तुमानाचा असावा, असा अंदाज बांधला गेला. मात्र एखादा तारा त्याच्यापासून फार दूर असेल, तर तो अशा निरीक्षणात कळत नाही, हेही मी सांगितले.

शेवटी मागच्या बाकावरील मुलाने विचारले, “मॅडम, सूर्यच नाही, तर त्याचं वर्ष किती दिवसांचं?” वर्ष नाहीच, असे उत्तर मी दिले. दिवसासाठी मात्र मी फळ्यावर २०१३ साली शोध लागलेल्या, गुरूच्या सहा ते आठ पट वस्तुमानाच्या एका मुक्त पिंडाची नोंद लिहिली: स्वतःभोवती एक फेरी, सुमारे ८.६ तास.