देवावर चिडणं हीसुद्धा श्रद्धाच

संकट आलं की लोक लगेच सांगतात, देवावर विश्वास ठेव, सगळं ठीक होईल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण जो आतून पार खचलाय, ज्याची नोकरी गेलीय किंवा घरातलं माणूस गेलंय, त्याला ते ऐकून अजूनच एकटं वाटतं, कारण त्या वेळी त्याच्या मनात विश्वास कमी आणि संताप जास्त असतो, आणि मग त्याला भीती वाटायला लागते की आपली श्रद्धाच खोटी होती की काय. मला वाटतं तो संताप गिळू नये, देवासमोरच बोलून टाकावा.

तुकाराम महाराजांचंच बघा ना. आई-वडील लवकर गेले, मग 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, त्यात पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, दिवाळं निघालं. आपण त्यांना चित्रात कायम शांत चेहऱ्याने बघतो, पण गाथा वाचली की कळतं हा माणूस विठ्ठलाशी किती भांडलाय. माझ्या लेखी देव मेला, इथपर्यंत बोलून गेलेत!! आणि तरी बोलत कुणाशी होते, तर त्याच्याशीच. दिवाळं निघालं ते बरंच झालं असंही त्यांनी म्हटलंय, पण ते नंतर, मागे वळून बघताना. आपण मात्र समोरच्याकडून पहिल्याच दिवशी तशी अपेक्षा करतो, हे मला फार क्रूर वाटतं.

बायबलमधल्या ईयोबाचंही असंच. मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गेलं, त्याने आपल्या जन्माच्या दिवसालाच शाप दिला. मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, एक शब्द नाही. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. नंतर तोंड उघडलं आणि सुरू झाले, तुझंच काहीतरी पाप असणार म्हणून. शेवटी देव ईयोबाशी बोलतो, त्यालाही सुनावतो, दुःखाचं कारण काही सांगत नाही, पण खरा रागावतो तो या मित्रांवर. म्हणून प्लीज, दुःखात असलेल्या माणसाला मागच्या जन्मीचं कर्म वगैरे ऐकवू नका. जवळ बसा फक्त.

आमच्या घरात मोठं आजारपण होतं तेव्हा माझ्या तोंडून प्रार्थनाच निघेना, हात जोडले की डोकं रिकामं. तेव्हा घरातल्या एका मोठ्या बाईंनी सांगितलं, तुला जमत नसेल तर राहू दे, तुझ्या वाटचं नाव मी घेते. त्या रोज घ्यायच्या. मला त्या दिवसांत देव जर कुठे दिसला असेल तर तो त्या वाक्यात.

आणि हो, जगावंसंच वाटत नसेल इतकी निराशा असेल तर डॉक्टरकडे जा, जवळच्या कुणाला तरी आजच सांगा. औषध घेतलं म्हणजे देवावरचा भरवसा कमी झाला असं अजिबात नाही, मदतीला येणारी माणसंही त्यानेच धाडलेली असतात असं मी मनापासून मानते. बाकी स्तोत्र आठवत नसेल, नामस्मरणात मन लागत नसेल तर राहू दे, आज रात्री झोपण्याआधी त्याला तुमच्या भाषेत एक वाक्य बोला, शिव्या द्यायच्या असतील तर त्याही द्या.