पेजेपासून आमटीपर्यंत

एका समारंभातील जेवणातून विषबाधा झाल्यावर पोट सावरेपर्यंत मी तांदळाची पेज आणि मेतकूट घातलेला मऊ भात यांवरच राहिले. मसाल्यांकडे परतताना प्रथम जिरे, हिंग व हळद यांची फोडणी दिलेली मुगाची खिचडी केली, मग गोडा मसाला आणि आमसूल घातलेली तुरीची आमटी. कांदा-लसूण मसाला मात्र अगदी शेवटी, कारण मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन आतड्याच्या हुळहुळ्या अस्तराची जळजळ वाढवू शकते. आमटीला उकळी फुटून दगडफूल आणि धण्यांचा खमंग वास दरवळला, तेव्हा खरी भूक लागली. उरलेला भात मी आता लवकर फ्रीजमध्ये ठेवते, कारण बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही.