बॅगेत पैसे घालताय? आधी शिलाई बघा

बोनसचे दिवस आले की मला एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो : "ताई, चार-पाच लाखांची डिझायनर बॅग घेतली तर ती गुंतवणूक होईल का हो?" मी ठाण्यात चामड्याच्या बॅगांची दुरुस्ती आणि निगा राखण्याचं काम करते. शोरूमच्या काचेआडची बॅग माझ्या फारशी वाट्याला येत नाही. माझ्या टेबलावर येते ती वर्षानुवर्षं वापरलेली, पट्ट्यापाशी उसवलेली, कोपरे घासलेली बॅग. कुठली टिकते आणि कुठली नाही, हे मी तिथे शिकले.

अडीनडीला सोनं मोडता येतं. बांगडी चेपली, कडी तुटली, तरी सराफ वजन करून पैसे हातावर ठेवतो. बॅग मोडता येत नाही. तिची सगळी किंमत तिच्या अवस्थेत आणि मागणीत असते, आणि दुकानाबाहेर पडल्यावर बहुतेक डिझायनर बॅगांचा भाव उतरतोच. त्या-त्या मोसमाचे रंग, छातीवर मोठा लोगो, यांचा तर झपाट्याने उतरतो. भाव टिकवून धरणारी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यांतही ठरावीक आकार, ठरावीक रंग.

मध्यंतरी एक मुलगी तिच्या आजीची 'केली' नावाची बॅग घेऊन आली. एर्मेस या फ्रेंच कंपनीची ही घडण 1930च्या दशकातली. 1956 मध्ये हॉलिवूडची नटी आणि पुढे मोनॅकोची राजकन्या झालेल्या ग्रेस केलीने फोटोग्राफर मंडळींपासून आपलं गरोदरपण लपवायला ती पोटासमोर धरली, तो फोटो जगभर गेला, आणि 1977 मध्ये कंपनीने बॅगेला तिचंच नाव दिलं. ही बॅग मी भिंगाखाली धरली. मुठीच्या बुडाशी एक टाका तुटला होता, पण त्याच्या शेजारचे टाके जागचे हलले नव्हते. याचं कारण सॅडल स्टिच. एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दाभणाने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा खालच्या दोऱ्यात नुसता अडकवलेला असतो. एक टाका तुटला की ओढ बसेल तशी शिवण सुटत जाते. घोड्यांचे साज बनवणाऱ्या या घराण्याने 1837 पासून जे केलं, ते त्या मुठीत दिसत होतं. मी तेवढाच भाग पुन्हा शिवला, कडांना हात लावला नाही. जुन्या बॅगेवर जितकं कमी काम कराल तितकी ती जास्त मोलाची राहते.

शनेलची 2.55 मला वेगळ्या कारणाने आवडते. फेब्रुवारी 1955 मध्ये आली म्हणून हे नाव. हातात बॅग धरून धरून कंटाळलेल्या कोको शनेलने खांद्यावर अडकवायची साखळी लावली, दोन्ही हात मोकळे केले. सत्तर वर्षांनंतरही त्या आकारात कुणाला फारसा बदल करावासा वाटला नाही. शनेलच्याच, नंतर आलेल्या क्लासिक फ्लॅप बॅगेचा मधला आकार 2019 मध्ये अमेरिकेत सहा हजार डॉलरच्या आत मिळायचा, 2024 मध्ये तो दहा हजारांच्या वर गेला. हे आकडे दाखवून "बघा, दुप्पट झाले" असं सांगणाऱ्यांपासून मी मैत्रिणींना कळकळीने सावध करते. वाढला तो दुकानातला नवा भाव. तुम्ही विकायला जाल तेव्हा समोरचा ओरखडे मोजणार, विकून देणारा कमिशन कापणार, बिल आणि डबा नसेल तर आणखी पाडून मागणार. आपल्याकडे दहा लाखांवरच्या हँडबॅगवर 22 एप्रिल 2025 पासून 1 टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रेत्याने किमतीसोबत वसूल केलेला आयकरही, द्यावा लागतो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण खरेदीची नोंद पॅनवर होते हे ध्यानात असू द्या.

जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात अभिनेत्री-गायिका जेन बर्किनची, एर्मेसने तिच्यासाठी बनवलेली मूळ 'बर्किन' बॅग सुमारे 86 लाख युरोंना गेली. ती कोरी नव्हती, उलट चांगलीच वापरलेली होती. तिने ती रोज वापरली, तिच्यावर स्टिकर चिकटवले, पट्ट्याला नेलकटर लटकवलं. अर्थात तो भाव जेन बर्किनच्या आयुष्याचा होता, तुमच्या-माझ्या ओरखड्यांना तो कुणी देणार नाही. तरीही मला त्या बातमीने मनापासून आनंद झाला. बॅग वापरण्यासाठी असते आणि नीट वापरलेलं चामडं सुंदर दिसतं, असं मी रोज गिऱ्हाइकांना सांगत असते.

मला विचाराल तर पहिली बॅग मध्यम आकाराची, काळी किंवा तपकिरी, आणि दाणेदार वासराच्या चामड्याची घ्या. मेंढीचं मऊ चामडं हाताला लोण्यासारखं लागतं, पण लोकलच्या गर्दीत एका नखाने त्याच्यावर कायमची रेघ उठते. सेकंडहँड घेत असाल तर लोगो शेवटी बघा. आधी मुठीचं बूड, मग चारही कोपरे, मग कडांचा रंग चिकट झालाय का, आणि आत नाक घालून वास. कुबट वास अस्तरात मुरला असेल तर तो कुठल्याही पॉलिशने जात नाही.

आणि आपला पावसाळा! माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या बॅगांतल्या बहुतेक बुरशीच्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कधी वापरलेल्याच नसतात. महागाची म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गोदरेजच्या कपाटात बंद केलेल्या. प्लॅस्टिक काढा, सुती पिशवीत ठेवा. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई अस्तराला लागते. साधा पांढरा कागद भरा. साखळी मऊ कापडात गुंडाळून आत ठेवा, नाहीतर चामड्यावर तिचे वळ उठतात. डांबरगोळ्या अजिबात नकोत. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, पण त्या ओल धरून भरल्या की बदला. आणि आठवड्यातून एकदा सगळ्या बॅगा बाहेर काढून तासभर पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही.