हेराल्डचं बॉनेट: कॉव्हेंट्री ते रामबाग

हेराल्ड या जुन्या इंग्लिश गाडीचं बॉनेट, म्हणजे इंजिनावरचं झाकण, एकट्या माणसाने काढायचं नसतं. हे मला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत पहिल्याच हिवाळ्यात कळलं आणि यंदा डिसेंबरात इंदूरला घरी आले तेव्हा तेच शिक्षण रामबागेतल्या आमच्या अंगणात कामाला आलं. घरच्या बऱ्याच जणांनी फोनवर विचारलं की आजोबांच्या हेराल्डचं नक्की काय केलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाहीये त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. नेहमीच्या गाडीचं बॉनेट म्हणजे वरचा एक पत्रा, समोरच्या बाजूने उचलायचा आणि दांडीचा टेकू द्यायचा. हेराल्डचं तसं नाही. वरचा पत्रा, दोन्ही बाजूंची मडगार्डं, हेडलाइटची घरं, समोरचं तोंड, हे सगळं मिळून एकच तुकडा, आणि त्याच्या बिजागऱ्या खाली पुढे बंपरजवळ. दोन्ही बाजूंना दारांच्या पुढे एकेक हँडल असतं, ती ओढली की गाडीचा अख्खा पुढचा भाग पुढच्या बाजूला कलंडतो आणि आत इंजिन, पुढची चाकं, स्टीअरिंगची जोडणी, सगळं उघड्यावर. कुठे वाकायला नको की हात अडकायला नको. आमचे आजोबा पुढच्या टायरवर बसून प्लग साफ करायचे आणि मी सहा वर्षांची असताना शेजारी घासायचा ब्रश धरून उभी असायचे, ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. इतकी सोयीची रचना मी नंतर कुठल्याच गाडीत पाहिली नाही. पण एवढा मोठा तुकडा म्हटल्यावर त्याचं वजन आलं, आणि वजनापेक्षा जास्त त्रास आकाराचा, कारण धरायला नीट जागाच नाही, कडा पातळ, आणि एका बाजूला जरा ओढ बसली की सगळा सांगाडा पिळला जातो.

ही गाडी अशी तुकड्यातुकड्यांची का केली यामागे गोष्ट आहे. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी बनवून देणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली. आता अख्खी बॉडी एका ठिकाणी ठोकून देणारं कोणी मिळेना, मग त्यांनी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी ठेवली आणि वरचे पत्रे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून बोल्टने जोडता येतील अशी गाडी आखली. बॉडीचं रूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने दिलं आणि १९५९ मध्ये हेराल्ड बाजारात आली. बोल्टने जोडायची गाडी असल्यामुळे सुटे भाग पेटीत भरून दुसऱ्या देशात पाठवणंही सोपं. मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती बनवायला घेतली, ९४८ सीसीच्या इंजिनाची, आणि तिला आपल्याकडे स्टँडर्ड हेराल्ड म्हणायचे. पुढे १९६८ मध्ये चार दारांची मार्क थ्री आली ती तर फक्त भारतासाठीच. आमची त्याच्या आधीची, दोन दारांची, क्रीम रंगाची. आजोबांनी सेकंडहँड घेतलेली.

मी नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला गेले तेव्हा मला माहीतसुद्धा नव्हतं की आपल्या अंगणातल्या गाडीचं माहेर तेच. कॉव्हेंट्रीतल्याच कॅनली स्टेशनवरून जाताना एक सहकारी सहज म्हणाला की इथे ट्रायम्फचा कारखाना होता, १९८० मध्ये इथलं गाड्यांचं काम थांबलं, आणि मी त्या दिवशी घरी जाऊन काकांना फोन केला. काका दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, "तिथे एखादी मिळते का बघ." मिळाली. १९६८ सालची हेराल्ड, १३/६० मॉडेल, १२९६ सीसीची, चालू स्थितीतली, फक्त बॉनेटच्या बिजागरीला गंज होता.

तो गंज काढण्यासाठी मी एकटीने बॉनेट उतरवायला घेतलं. गॅरेजच्या आढ्याला दोर बांधला, एका बाजूचा बोल्ट काढला, दुसऱ्या बाजूचा काढला, आणि शेवटचा बोल्ट सुटताक्षणी सगळं वजन एका बाजूला गेलं आणि बॉनेटचा मागचा कोपरा काचेखालच्या पत्र्यावर आपटला. नखाएवढा रंग उडाला आणि खाली एक वायर चेमटली. नुकसान फार नव्हतं पण मला फार वाईट वाटलं, पन्नास वर्षं कोणीतरी सांभाळलेला रंग होता तो.

तिकडे शेजारी न बोलावता गॅरेजमध्ये येत नाहीत. शेजारचे आजोबा फाटकाशी उभे राहिले, विचारलं की आत येऊ का, आणि मग कळलं की ते तरुणपणी कॅनलीलाच जोडणीच्या कामावर होते. त्यांनी त्या दिवशी जे शिकवलं ते मी वहीत लिहून ठेवलं. सुरुवात बॉनेट बंद असतानाच करायची, दारापाशी किती फट आहे ती दोन्ही बाजूंना मोजून लिहायची. मग उघडून बिजागरीच्या पट्टीभोवती पेन्सिलने रेघ मारायची म्हणजे परत बसवताना जागा सापडते, कारण ती पट्टी पुढे-मागे सरकते आणि ती चुकली की मग महिनाभर फट जुळवत बसा. बॅटरीची तार काढायची. लाइटच्या वायरी सोडवायच्या. मग दोन माणसं दोन बाजूंना, एक हात चाकाच्या कमानीत आणि एक मागच्या कडेखाली, आणि बॉनेट जवळजवळ उभं होईपर्यंत न्यायचं. तिथे एक जागा अशी येते की सगळं वजन बिजागरीवर बसतं आणि हातांना फक्त तोल सांभाळायचा असतो, मी एकटी असताना ती जागा मला सापडलीच नव्हती. तिथे थांबून तिसऱ्याने आधाराची दांडी आणि बोल्ट काढायचे. उचलायचं ते आधी सरळ वर, मग पुढे. ओढायचं अजिबात नाही.

"कारखान्यात हे कोणी एकटा करत नसे," एवढंच ते म्हणाले, आणि रविवारी मुलाला घेऊन आले.

तर यंदा इंदूरला येताना बॅगेत चार रबरी शंकू होते, बॉनेट बंद झाल्यावर मागची कड ज्यांच्यावर टेकते ते, आणि इंची पान्यांचा सेट. पाने मुद्दाम आणले, कारण या गाड्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आपल्याकडे त्याला तेराचा पाना लावतात, तो बसल्यासारखा वाटतो पण गंजलेल्या बोल्टवर जोर दिला की निसटतो आणि डोकं गोल होतं. ते एकदा गोल झालं की मग छिन्नी आणि हातोडीच.

गाडी बारा वर्षं अंगणात कडुलिंबाखाली उभी होती, भिंतीकडे तोंड करून, आणि तिथेच पहिली अडचण. हेराल्डचं बॉनेट पुढे उघडतं, त्याला समोर मोकळी जागा लागते, भिंतीला नाक लावलेली गाडी उघडणारच नाही. चारही टायर बसलेले, हँडब्रेक धरून बसलेला. काकांनी कोपऱ्यावरच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं, त्यांनी आल्याआल्या एक फेरी मारली आणि म्हणाले, "पहले गाड़ी पीछे लो भिया, बोनट बाद में।" हवा भरली, मागच्या ब्रेकच्या ड्रमवर हळूहळू ठोकलं, आणि गल्लीतल्या पाच-सहा मुलांनी ढकलून गाडी दहा फूट मागे आणली. ती हलली तेव्हा काकू ओट्यावर येऊन उभी राहिली. "बारा वर्षांनी जागची हलली गं," म्हणाली, आणि आत जाऊन पोहे टाकायला लागली.

हँडलं निघाली पण बॉनेट वर येईना. काका म्हणाले, "जोर लावू नकोस, तिला सवय राहिली नाही." मागचे रबर विरघळून पत्र्याला चिकटले होते. प्लास्टिकची पट्टी घालून, थोडं थोडं रॉकेल सोडत ते सोडवले आणि मग बॉनेट उघडलं, आत चिमणीचं जुनं घरटं, वाळलेली पानं, आणि बॅटरीच्या ताटाशेजारी आजोबांचा प्लग घासायचा ब्रश. तो कोणी तिथे ठेवला असेल ते काकांनाही आठवेना. मी तो धुऊन पुसून कपाटात ठेवलाय.

वायरींचं काम सगळ्यात जास्त वेळ खाणारं निघालं. कॉव्हेंट्रीच्या गाडीत रंग बघून कळतं, निळ्यावर पांढरी पट्टी म्हणजे फुल बीम, निळ्यावर लाल म्हणजे लो बीम, नुसती लाल पार्किंगची, हिरव्यावर लाल डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा, काळी म्हणजे अर्थिंगची. आमच्या गाडीत इतक्या वर्षांच्या दुरुस्त्यांमध्ये जी हाताला आली ती वायर जोडलेली, बहुतेक सगळ्या पिवळ्या. मग काकूने जुन्या साड्यांच्या काठांच्या चिंध्या काढून दिल्या आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही टोकांना एकाच काठाची चिंधी बांधली. हिरवा काठ डावा इंडिकेटर, जरीचा काठ अर्थिंग. हे मी आता तिकडेही करणार आहे, कागदाची चिकटपट्टी तेलाने सुटते, चिंधीची गाठ सुटत नाही.

बोल्टवर रात्रभर डिझेल आणि रॉकेल मिसळून ठेवलं. सकाळी इंची पाना लावला आणि उजवा बोल्ट अर्धा फेरा फिरला, डावा दोन तासांनी, तापवून. मिस्त्री म्हणाले की त्यांनी अशा चार-पाच गाड्यांची कामं केलीत पण बॉनेट उतरवताना नेहमी एखादा कोपरा वाकतोच. मी त्यांना ती उभी तोलाची जागा दाखवली. मी आणि चुलतभाऊ दोन बाजूंना, मिस्त्री बोल्टवर, काका समोर उभे राहून फक्त बघणार, कारण चौघांपैकी एकाचे हात मोकळे आणि डोळे सगळीकडे असलेच पाहिजेत, हे शेजारच्या आजोबांनी सांगितलं नव्हतं, हे काकांनी सांगितलं. "उजवीकडे खाली जातंय. आता बरोबर. उचला." आणि ते आलं, एकाही ठिकाणी न घासता. खाली कापसाची जुनी गादी टाकून ठेवली होती, तिच्यावर मागची कड टेकवली, भिंतीशी उभं केलं आणि वरून दोर घेऊन खिडकीच्या गजाला बांधलं, कारण वाऱ्याने ते शिडासारखं भरतं आणि पडतं.

बॉनेट नसलेली हेराल्ड फार लहान दिसते. वळायलाही तशीच छोटी, २५ फुटांच्या वर्तुळात वळते, लंडनच्या टॅक्सीला जेवढं लागतं तेवढंच, आणि म्हणून आजोबा आमच्या बोळातून ती एका दमात बाहेर काढायचे असं काका मुलांना सांगत होते.

आठ दिवसांत बिजागरीच्या गंजलेल्या पट्ट्या कापून नवीन पत्र्याच्या वेल्ड केल्या, आतून गंजरोधक रंग मारला. पुट्टी कुठेही लावू दिली नाही, यावर माझं आणि मिस्त्रींचं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, बाहेरून गुळगुळीत दिसलं की झालं. माझं म्हणणं, बिजागरीवर एवढं वजन रोज झुलणार, तिथे पुट्टी म्हणजे पुढच्या पावसाळ्यात परत हेच. काकांनी माझ्या बाजूने कौल दिला तेव्हा त्यांनी ऐकलं आणि वेल्डिंग मात्र असं सुंदर करून दिलं की मी त्याचा फोटो शेजारच्या आजोबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ही माणसं मला कॅनलीला हवी होती. मी ते हिंदीत मिस्त्रींना वाचून दाखवलं, तर त्यांनी परत एकदा वाचायला लावलं.

परत बसवताना पेन्सिलच्या रेघांवर पट्टी आणली, नवीन शंकू घातले, आणि मग नुसतं उघड-मीट, उघड-मीट. शंकू थोडे आत फिरवले की मागची कड खाली येते, बाहेर काढले की वर जाते. उजव्या दाराशी फट चार मिलिमीटर आली, एकसारखी, वरपासून खालपर्यंत. दोन्ही हँडलं एकाच वेळी दाबली आणि तो बंद होण्याचा जाड आवाज आला, जो मी कॉव्हेंट्रीत रोज ऐकते आणि रामबागेत वीस वर्षांनी ऐकला. काकांनी परत उघडायला लावून परत बंद करायला लावलं.

डाव्या दाराशी फट अजून सहा मिलिमीटर आहे. माझं विमान दुसऱ्या दिवशी होतं. काकांनी तिथे पत्र्यावर खडूने छोटी खूण केलीय आणि मिस्त्रींना सांगून ठेवलंय की मेमध्ये मी येईपर्यंत त्या बोल्टला कोणी हात लावायचा नाही.