अभद्र बोलू नका

बाबांना जाऊन तीन वर्षं होऊन गेली आणि अजूनही रात्री झोप मोडली की ते मला त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीतले आठवत नाहीत, आयसीयूतले आठवतात. तोंडात नळी, आणि डावा हात पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधलेला, कारण उजवी बाजू गेली होती पण डाव्या हाताने ते सारखी ती नळी ओढायला बघायचे. 11 दिवस. त्या हाताला बांधल्याचा वळ उठला होता, मी भेटायच्या वेळेत जाऊन त्यावर खोबरेल तेल लावायचे, बस, तेवढंच करता येत होतं.

आता जे लिहितेय ते लिहायला मला इतका वेळ लागला कारण त्यात माझी चूक आहे. बाबांनी सांगितलं होतं. एकदा नाही, कित्येकदा. विनोबा हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. 1982 च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला विनोबांना हार्ट अटॅक आला आणि त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळं थांबवलं, लोकांनी विनवण्या केल्या, इंदिरा गांधी स्वतः भेटायला गेल्या, पण ते ठाम राहिले आणि 15 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, शांतपणे गेले. वय 87. बाबा हे सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, जायचं तर असं, मला नळ्या-बिळ्या लावून ठेवू नका रे. की लगेच आई म्हणणार, दिवेलागणीला काय हे, आणि मी म्हणणार, बाबा प्लीज अभद्र बोलू नका ना. ते गप्प बसायचे आणि बातम्या लावायचे.

अभद्र. या शब्दाचा मी नंतर खूप विचार केला. आपली भाषाच बघा ना, संपण्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून तिने किती सोयी करून ठेवल्यात. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान संध्याकाळी वाढवतात, बंद करत नाहीत. कुंकू संपलं असं माझी आजी आयुष्यात कधी म्हणाली नसेल, कुंकू वाढलं म्हणायची. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, आणि चुकून जाते म्हटलं तर दारातून परत बोलावून येते म्हणवून घ्यायचे. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलेलं असतं की समोर बसलेला 74 वर्षांचा माणूस अगदी शुद्धीत, शांत आवाजात स्वतःच्या मरणाबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगतोय हे ऐकूच येत नाही. त्याला गप्प कसं करायचं तेवढंच सुचतं.

आणि हे नुसतं संस्काराचं नाहीये असं मला हल्ली वाटायला लागलंय, मुळात मनच तसं घडलेलं असावं. तुम्ही कधी स्वतःचं मरण डोळ्यासमोर आणून बघितलंय का? मी बघितलं. रात्री पडल्या पडल्या आणलं, की मी गेलेय, हॉलमध्ये ठेवलंय, बहीण रडतेय, शेजारच्या काकू सगळ्यांना चहा देतायत, लेक एका कोपऱ्यात बसलीय. आणि मग लक्षात आलं की हे सगळं बघतंय कोण? मीच. वरून कुठून तरी मीच बघतेय! म्हणजे मी नसणं मला आणताच येत नाही, कितीही प्रयत्न केला तरी जाणीव म्हणून जी काय आहे ती खोलीत कुठेतरी उभी राहतेच. मनोविश्लेषण करणाऱ्या फ्रॉइडने 1915 साली हेच लिहून ठेवलंय, आपल्या मरणाची कल्पना करायला गेलं की आपण प्रेक्षक म्हणून उरतोच. इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात तर 2019 मध्ये यावर मेंदूचा प्रयोग झालेला, लोकांना पडद्यावर कधी अनोळखी चेहरा तर कधी त्यांचा स्वतःचा चेहरा दाखवायचे आणि वर शब्द, काही साधे आणि काही मरणाशी संबंधित. दुसऱ्याच्या चेहऱ्यासोबत मरणाचा शब्द आला तर मेंदू नीट संबंध जोडायचा, पण स्वतःच्या चेहऱ्यासोबत आला की ते जोडणंच बंद पडायचं. मरण ही दुसऱ्याला होणारी गोष्ट आहे असंच जणू तो धरून चालतो. नंतर त्यातल्याच काही संशोधकांनी अनेक वर्षं विपश्यना ध्यान केलेल्यांवर असाच प्रयोग केला तर त्यांच्या मेंदूत ही टाळाटाळ दिसली नाही, त्यांनी ते स्वीकारल्याच्या खुणा दिसल्या. हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे हे कायमचं नाहीये, सवयीने बदलू शकतं.

माझ्या आजीने विपश्यना वगैरे काही केली नव्हती, विपश्यनेचं केंद्र इगतपुरीला, पण तिला इगतपुरी म्हणजे गाडी बराच वेळ थांबते ते स्टेशन एवढंच माहीत. पण तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी सगळं तयार होतं. हिरवं इरकली लुगडं, घडी न मोडलेलं. काशीहून आणलेल्या गंगेचा तांब्याचा गडू, झाळून बंद केलेला. तुळशीची माळ. आणि एका पाकिटात पाच हजार रुपये, वर तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, माझ्या दिवसांचे. दर दिवाळीच्या साफसफाईला ती हे सगळं बाहेर काढून उन्हात ठेवायची, डांबराच्या गोळ्या बदलायची आणि परत लावून ठेवायची. आम्ही ओरडलो की म्हणायची, अगं गोवऱ्या मसणात गेल्या माझ्या, मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? आणि पुढच्या क्षणी भाजीत मीठ घातलंस का म्हणून विचारायची. तिला मरणाची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही, शेवटच्या वर्षी ती रात्री दिवा मालवू द्यायची नाही. पण तिने ते ट्रंकेत घडी घालून घरात ठेवलं होतं, बाहेर ढकललं नव्हतं.

ती 2016 ला गेली, 91 वर्षांची होऊन, घरात, स्वतःच्या अंथरुणावर. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची. तिला सांगितलं की पणजी आता नाही, तिला अग्नी देणार, तर ती म्हणाली, पण मग तिला भाजेल ना? मी म्हटलं नाही गं, आता तिला काही कळत नाही. तर विचारते, मग तिला आपली आठवण येत असेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला पटलं होतं आणि तरी दुसरा प्रश्न तिच्यासाठी शिल्लकच होता. हे मुलांमध्ये असतंच म्हणे, अमेरिकेत 2004 मध्ये एक अभ्यास आला होता, मुलांना बाहुल्यांच्या खेळात दाखवायचे की एका उंदराच्या पिल्लाला मगरीने खाल्लं, आणि मग प्रश्न विचारायचे. त्याला आता भूक लागेल का, तर बरीच मुलं म्हणायची नाही. पण त्याचं आईवर प्रेम आहे का अजून, तर हो.

आपण मोठे तरी काय वेगळे आहोत. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आजीचा दहावा होता, पिंड ठेवला, कावळे समोर पिंपळावर बसलेले आणि एकही खाली येईना. अर्धा तास झाला. ऊन चढलेलं, गुरुजी घड्याळ बघतायत, सगळे एकमेकांना विचारतायत की आईंचं काय राहिलं असेल. शेवटी बाबा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, आई, तुझ्या तुळशीला मी रोज पाणी घालीन, तू काळजी करू नकोस. आणि कावळा आला. बाबा ओक्साबोक्शी रडले, मी त्यांना तसं कधीच बघितलं नव्हतं. शरीर जळताना आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आणि तरी तिची इच्छा शिल्लक आहे याबद्दल तिथे एकाच्याही मनात शंका नव्हती, माझ्याही नाही. मला यात काही चूक वाटत नाही, उलट फार मायेचं वाटतं. बाबांनी शेवटपर्यंत त्या तुळशीला पाणी घातलं.

पण बाबांच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून गुरुजी मागे सरकले नाहीत तोच. सगळे म्हणाले, सुटले, मनात काही राहिलं नव्हतं. आणि मी तिथे उभी राहून पायाखालच्या पायरीकडे बघत होते कारण मला माहीत होतं काय राहिलं होतं. गेलेल्या माणसाची इच्छा विचारायला आम्ही अर्धा अर्धा तास उन्हात हात जोडून उभे राहतो, आणि तोच माणूस जिवंतपणी, समोर बसून, तोंडाने सांगत होता तेव्हा मी त्याला गप्प बसवलं. आयसीयूतल्या आठव्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर बोलावून विचारलं होतं की सुधारणा नाहीये, पुढे काय करायचं, पेशंटची काही इच्छा होती का. आम्ही चौघं. कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, आपण प्रयत्न सोडायचे नाहीत, आणि मी मान डोलावली. मला विनोबा आठवले होते, त्या क्षणीच आठवले होते. पण मी ते बोलून दाखवलं असतं तर बाबांना मीच मारलं असं झालं असतं ना. तेव्हा असंच वाटलं.

मागच्या महिन्यात मी माझं लिव्हिंग विल केलं. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी 9 मार्च 2018 ला याला मान्यता दिलीय, पण आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून कोणी त्या भानगडीत पडत नव्हतं, जानेवारी 2023 पासून ते सोपं केलंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरं होण्याची आशा नसेल आणि मला सांगता येत नसेल तर काय लावायचं नाही, काय काढायचं, आणि माझ्या वतीने कोण बोलणार हे लिहायचं. हे इच्छामरणाचं इंजेक्शन नव्हे, तो गैरसमज खूप आहे. आणि घरचे म्हणाले म्हणून लगेच नळी काढली असंही होत नाही, आधी हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं एक बोर्ड आणि मग दुसरं बोर्ड बघतं. लिहिताना माझा हात दोनदा थांबला. 'मी' ने सुरू होणारं वाक्य आणि त्यात मीच बेशुद्ध, ते वाक्य पुढे सरकेचना. लेक आता मोठी झालीय, साक्षीदार काकूंना तिनेच चहा केला आणि मग कागद घेऊन दोनदा वाचला. काही बोलली नाही, फक्त तिचं नाव कुठे लिहिलंय ते विचारलं.

आईसाठीपण एक कागद आणून ठेवलाय. तिने तो बघितला आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सरकवला, मी काही म्हटलं नाही. परवा भाजी निवडत बसलो होतो, मेथी होती, ती मान वर न करता म्हणाली, ती नळी घशात असते तेव्हा माणसाला कळतं का गं? मी म्हटलं, गुंगीचं औषध देतात, पण बाबा हात हलवत होते. बराच वेळ ती पानं खुडत राहिली.

मग म्हणाली, तू तेल लावायचीस ते कळत असेल त्यांना.

मी म्हटलं, हो, कळत असेल.