व्हेस्टाचा नकाशा घरच्या संगणकावर: माझा अनुभव

नासाचं डॉन यान १६ जुलै २०११ ला व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाच्या कक्षेत शिरलं आणि ५ सप्टेंबर २०१२ ला तिथून सेरेस या बटुग्रहाकडे निघालं. मधल्या काळात त्याच्या कॅमेऱ्याने घेतलेली सगळी चित्रं नासाच्या ग्रहविज्ञान संग्रहात, म्हणजे पीडीएसमध्ये, कुणालाही फुकट मिळतात. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातले आम्ही काही हौशी लोक त्यांतून नकाशा आणि त्रिमिती प्रतिकृती तयार करतो. हे काम कुणाला करायचं असेल तर कुठे काय अडतं आणि का, ते इथे लिहितो आहे.

आधी उंची ठरवा. यानाने मुख्यतः तीन उंचींवरून चित्रण केलं: सर्वेक्षण कक्षा (सुमारे २७०० किमी), हॅमो म्हणजे उंचावरची नकाशा-कक्षा (सुमारे ६८० किमी) आणि लॅमो म्हणजे खालची नकाशा-कक्षा (सुमारे २१० किमी). कॅमेऱ्याचं नाभीय अंतर १५० मिमी, चित्र १०२४ × १०२४ पिक्सेलचं, एक पिक्सेल १४ मायक्रॉनचा. १४ मायक्रॉनला १५० मिमीने भागून उंचीने गुणलं की जमिनीवरचा पिक्सेल मिळतो. हॅमोत तो सुमारे ६३ मीटर येतो आणि लॅमोत २० मीटर. लॅमोचा मोह सगळ्यांना होतो, पण तो आवरावा. २० मीटरने पूर्ण गोल जोडायला दहापट चित्रं लागतात, प्रत्येक चित्र जेमतेम २० किमी रुंद असतं आणि घरच्या संगणकावर त्यांचे जुळणीबिंदू, म्हणजे शेजारच्या चित्रांतले समान बिंदू, आवरत नाहीत. हॅमोचं चित्र ६५ किमी रुंद, त्यामुळे शेजारच्या चित्रांशी भरपूर ओव्हरलॅप मिळतो. सुरुवात करणाऱ्याने हॅमोच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

हॅमो दोनदा झालं. पहिलं २९ सप्टेंबर ते २ नोव्हेंबर २०११ आणि दुसरं १५ जून ते २५ जुलै २०१२. पहिल्या वेळी व्हेस्टाच्या दक्षिण गोलार्धात उन्हाळा होता आणि उत्तर ध्रुवाकडचा भाग अंधारात होता. म्हणून ऱ्हियासिल्व्हिया हे दक्षिणेचं ५०० किमीचं महाविवर पहिल्या हॅमोत उत्तम दिसतं, पण उत्तरेसाठी दुसऱ्या हॅमोकडे जावंच लागतं. दोन्ही संच सरसकट एकत्र ओतले की नकाशा बिघडतो, कारण सूर्याची दिशा बदललेली असते.

प्रकाशाचं हे गणित कातळावर हिंडणाऱ्याला लगेच कळतं. बारसू किंवा कशेळीच्या सड्यावरची कातळशिल्पं दुपारी बाराला जवळजवळ दिसेनाशी होतात आणि सकाळच्या तिरक्या उन्हात त्यांची रेघन् रेघ उठते. व्हेस्टाचंही तसंच आहे. सूर्य तिरपा असला की उंचसखलपणा दिसतो, डोक्यावर असला की जमिनीचा मूळ फिकट-गडदपणा दिसतो. एकाच नकाशात दोन्ही चांगलं मिळत नाही. म्हणून आम्ही दोन वेगळे नकाशे करतो, एक उठावाचा आणि एक परावर्तनाचा. कोणतं चित्र कुठल्या नकाशात जाईल हे त्याच्या आपात कोनावरून (सूर्यकिरण जमिनीच्या लंबाशी करतात तो कोन) ठरतं.

आता यंत्रसामग्री. १६ जीबी रॅम आणि निदान ५०० जीबी रिकामी एसएसडी एवढ्यात काम होतं. सॉफ्टवेअर म्हणजे ग्रहचित्रांसाठीचं, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं आयसिस, जे लिनक्सवर कोंडा या साधनामधून बसवता येतं, आणि सोबत नकाशांसाठी जीडाल, क्यूजीआयएस आणि त्रिमितीसाठी ब्लेंडर. हे सगळं मोफत आहे. चित्र घेताना '१बी' पातळीचं घ्या. त्यात कॅमेऱ्याचे दोष काढलेले असतात आणि आकडे तेजाच्या एककात असतात. एक चित्र सुमारे ४ एमबीचं, म्हणजे हजार चित्रांना ४ जीबी. फाईलच्या नावातच वर्ष, वर्षातला दिवस, वेळ आणि फिल्टर असतो. उठावाच्या नकाशाला एफ१, म्हणजे स्वच्छ फिल्टर, पुरतो.

पावसाळ्यात इकडे वीज आणि इंटरनेट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा कामाची रचनाच तशी ठेवावी. डाउनलोड करताना तुटल्या जागेपासून पुढे चालू होणारा पर्याय वापरा. प्रत्येक पायरीचा निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि आज्ञा यशस्वी झाल्यावरच खरं नाव द्या. असं केलं नाही तर वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेली क्यूब फाईल (आयसिसची चित्रफाईल) आकाराने पूर्ण दिसते, पुढच्या सगळ्या पायऱ्या ती निमूट गिळते आणि नकाशात काळा पट्टा उमटतो, ज्याचं मूळ शोधता शोधता नाकी नऊ येतात.

चित्र आयसिसच्या क्यूबमध्ये आणायला डॉनएफसीटूआयसिस ही आज्ञा (पुढची कॅमटूमॅप, जिगसॉ, फोटोमेट अशी नावंही आयसिसचीच), मग त्या क्षणी यान कुठे होतं आणि कॅमेरा कुठे रोखलेला होता ही माहिती जोडायला स्पाइसइनिट. ही माहिती कर्नल नावाच्या फायलींत असते. स्पाइसइनिटला ती दूरच्या सर्व्हरवरून मागता येते, पण शेकडो चित्रांसाठी दरवेळी जोडणी टिकेल याचा भरवसा नसेल, तर डॉनचा कर्नलसंच एकदाच उतरवून ठेवलेला बरा. डिस्क बरीच जाते, पण पुढचं सगळं काम इंटरनेटशिवाय होतं.

स्पाइसइनिटमध्येच आकाराचं प्रारूप द्यायचं असतं, आणि हौशी नकाशे बहुतेक इथेच फसतात. व्हेस्टा गोल नाही. तिचे तीन व्यास सुमारे ५७३, ५५७ आणि ४४६ किमी आहेत, शिवाय पृष्ठभाग संदर्भ-लंबगोलापेक्षा कुठे २२ किमी खाली तर कुठे १९ किमी वर आहे. कॅमेरा २० अंश तिरपा बघत असेल आणि तिथली जमीन गृहीत धरलेल्या पातळीपेक्षा १० किमी खाली असेल, तर चित्रातलं ठिकाण सुमारे ३.६ किमी सरकतं. ६० मीटरच्या नकाशात हे ६० पिक्सेल झाले. एवढी तफावत नंतर कितीही ओढाताण केली तरी भरून येत नाही. जर्मन अंतराळ संस्थेने हॅमोच्या चित्रांवरून केलेलं, दर अंशाला ४८ पिक्सेलचं उंचीप्रारूप उपलब्ध आहे, तेच वापरा. स्वतः स्टिरिओ जोड्यांतून प्रारूप काढणं शिकण्यासारखं आहे, पण पहिल्या नकाशासाठी नको.

प्रारूप जोडण्याआधी रेखांश तपासा. व्हेस्टासाठी दोन रेखांशपद्धती प्रचारात आहेत आणि त्यांच्यात बरोबर १५० अंशांचा फरक आहे. दोन्ही क्लॉडिया या सुमारे ७०० मीटरच्या विवरावर बेतलेल्या आहेत. डॉनच्या शास्त्रज्ञांच्या पद्धतीत क्लॉडिया ३५६ अंश पूर्वेला आहे, तर आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मान्य केलेल्या पद्धतीत १४६ अंशांवर. एका पद्धतीतलं प्रारूप आणि दुसरीतले कर्नल जोडले तर कुठलीही सूचना येत नाही, फक्त डोंगर भलत्याच जागी बसतो आणि सगळी चित्रं विस्कटतात. सोपी तपासणी म्हणजे मार्सिया विवर शोधणं. ते १९० अंशांच्या आसपास दिसलं तर पहिली पद्धत, ३४० च्या आसपास दिसलं तर दुसरी.

कॅमटूमॅपने प्रक्षेपण करताना, म्हणजे चित्र सपाट नकाशावर बसवताना, सगळ्या चित्रांना एकच नकाशा-फाईल द्यावी: २५५ किमी त्रिज्येचा गोल, दर अंशाला ७४ पिक्सेल (म्हणजे ६० मीटर), पूर्वेकडे वाढणारे रेखांश. ६० अंश अक्षांशाच्या पलीकडे ध्रुवीय प्रक्षेपण वेगळं करा. पूर्ण नकाशा २६,६४० × १३,३२० पिक्सेलचा होतो, ३२ बिटमध्ये १.४ जीबीचा, म्हणून तो खणाखणांत करावा. शून्य रेखांशावर पडणाऱ्या चित्रांवर लक्ष ठेवा. त्यांची फाईल नकाशाच्या पूर्ण रुंदीची होते आणि ५ एमबीऐवजी शंभर एमबीच्या वर जाते. अशा पट्ट्यासाठी रेखांश उणे १८० ते अधिक १८० धरले की प्रश्न मिटतो.

तरीही सांध्यावर विवराच्या कडा काही पिक्सेल चुकतात, कारण कॅमेऱ्याच्या दिशेच्या नोंदीत तेवढी त्रुटी उरते. त्यावर उपाय जिगसॉ. शेजारच्या चित्रांत समान बिंदू शोधायचे आणि कॅमेऱ्यांच्या दिशा एकत्र सोडवायच्या. आपोआप सापडलेल्या बिंदूंवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सावलीची कड हा संगणकाचा आवडता बिंदू, आणि सूर्य हलला की तीही हलते. अवशेष त्रुटी अर्ध्या पिक्सेलखाली येईपर्यंत वाईट बिंदू क्यूनेटमध्ये बघून काढावे लागतात. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि तो द्यावाच.

मग फोटोमेट. तेजाची दुरुस्ती करताना कोन लंबगोलावरून न घेता उंचीप्रारूपावरून घ्या, नाहीतर उतारांवर खोटी चमक येते. ही दुरुस्ती परावर्तनाच्या नकाशाला लागते, उठावाच्या नकाशाला ती दिली तर उठावच पुसला जातो. आपात कोन ७५ अंशांच्या आणि दर्शन कोन (कॅमेऱ्याची नजर जमिनीच्या लंबाशी करते तो) ६० अंशांच्या वर असलेला भाग आम्ही टाकून देतो. जोडणी ऑटोमॉसने, आणि सरासरीचा पर्याय कटाक्षाने टाळून. दोन दिशांच्या सावल्यांची सरासरी काढली की विवर चपटं दिसतं. सरळ खाली बघून घेतलेल्या फेरीची चित्रं तळाशी घालावीत आणि उरलेल्या भोकांपुरतीच तिरकी चित्रं वापरावीत. नोसीम सांधे सुरेख झाकतं, पण त्यासाठी खरा मोठ्या प्रमाणावरचा फिकट-गडदपणाही काढून टाकतं. परावर्तनाच्या नकाशाला ते लावू नका.

रंगीत नकाशासाठी तीन फिल्टर पुरतात: ४३८, ७४९ आणि ९१७ नॅनोमीटर. लाल वाहिनीत ७४९ भागिले ४३८, हिरव्यात ७४९ भागिले ९१७, निळ्यात ४३८ भागिले ७४९. पायरॉक्सिन खनिज ९०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणून ते जिथे ठळक तिथे हिरवं दिसतं. हीच खूण युक्राइट उल्कांच्या वर्णपटात असते, म्हणून त्या व्हेस्टावरूनच आल्या असं मानतात. १९९६ मध्ये राजस्थानात पिपलिया कलान इथे पडलेली उल्का याच जातीची. फिल्टर एकामागून एक फिरतात आणि तेवढ्यात यान पुढे सरकतं, तेव्हा भागाकाराआधी चित्रं पिक्सेलच्या अंशापर्यंत जुळवा, नाहीतर प्रत्येक कडेला लाल-हिरवी किनार येते. रंगांसाठी '१सी' पातळी घ्यावी, तिच्यात कॅमेऱ्यात भटकणाऱ्या प्रकाशाची दुरुस्ती केलेली असते.

ब्लेंडरमध्ये नेताना उंची साध्या गोलावर चढवू नका. प्रारूपातली उंची २८५ × २२९ किमीच्या लंबगोलापासून मोजलेली आहे. २५५ किमीच्या गोलावर चढवली तर विषुववृत्त ३० किमी आत जातं आणि ध्रुव २६ किमी बाहेर येतात. दर अक्षांशाला लंबगोलाची त्रिज्या काढून तिच्यात उंची मिळवा. उठाव वाढवून दाखवायची गरज नाही. ऱ्हियासिल्व्हियाच्या मधलं शिखरच २० किमीहून उंच आहे.

प्रतिकृती त्रिमिती छपाईयंत्रावर छापायची असेल तर १:५०,००,००० प्रमाण सोयीचं पडतं. लांब व्यास साडेअकरा सेंटीमीटर येतो आणि ०.२ मिमीचा एक थर म्हणजे १ किमी. १० किमीचं विवर २ मिमीचं होतं, त्याहून लहान तपशिलाची अपेक्षा ठेवू नये. विषुववृत्तावर दोन तुकडे करा आणि कापलेली बाजू खाली ठेवा, म्हणजे आधार लागत नाहीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत पीएलएची तार (छपाईचं प्लास्टिक) ओल धरते, मग छापताना चरचर आवाज येतो, धागे सुटतात आणि विवरांच्या कडा केसाळ होतात. तार ४५ ते ५० अंश सेल्सिअसला पाच-सहा तास वाळवून सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि छापत असतानाही डब्यातूनच बाहेर काढा. नकाशाच्या कोपऱ्यात आणि प्रतिकृतीच्या तळाला रेखांशपद्धती, चित्रांचा काळ आणि मीटर प्रति पिक्सेल लिहून टाका.