तापलेले पॅनेल आणि सातवीचा वर्ग

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात अपारंपरिक ऊर्जा शिकवण्यासाठी पुस्तकातील चित्रांवर अवलंबून राहावे लागत नाही. शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून सुरू आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि वर्गातील काही मुलांच्या शेतात सौर कृषिपंपही बसले आहेत. तरीही ‘सौर पॅनेल सर्वांत जास्त वीज केव्हा देते?’ असे सातवीत विचारले, की बहुतेक मुले ठामपणे सांगतात, ‘जेव्हा ते सर्वांत जास्त तापते तेव्हा.’ खानदेशातील उन्हाळा अंगावर घेतलेल्या मुलांना असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच मी या धड्याची सुरुवात व्याख्येपासून न करता याच उत्तरापासून करतो.

साहित्य फार लागत नाही. सहा व्होल्टची, बारा सेलची दोन सारखी छोटी पॅनेल आणि एक मल्टिमीटर पुरेसा होतो. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली की शेवटच्या तासाला अंगणात चांगलेच ऊन असते. एक पॅनेल आधीपासून उन्हात तापत ठेवायचे, दुसरे वर्गात सावलीला ठेवायचे, मग दोन्ही शेजारी शेजारी एकाच कोनात उन्हात धरून लगेच व्होल्टेज मोजायचे. सावलीतून आणलेल्या पॅनेलचा आकडा तापलेल्यापेक्षा साधारण अर्ध्या व्होल्टने जास्त येतो, आणि थोड्या वेळाने तेही तापले की त्याचाही आकडा हळूहळू खाली येऊ लागतो.

मुलांचा यावर पटकन विश्वास बसत नाही, आणि मला ही शंकाच या धड्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तापलेल्या पॅनेलवर पाणी ओतून पाहू, असे कोणीतरी सुचवते. पाणी पडताच ‘सर, आकडा वाढना!’ (म्हणजे ‘वाढला!’) असा अहिराणीत गलका होतो. पण एका मुलीने त्या वेळी विचारलेला प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो: पाण्याने पॅनेल गार झाले म्हणून आकडा वाढला, की वरची धूळ धुतली गेली म्हणून? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम मी फळ्यावर लिहिण्याआधीच तिने तो शोधला होता. त्यानंतर आम्ही दोन्ही पॅनेल आधी पुसून घेऊ लागलो आणि ओले फडके वरच्या काचेऐवजी पाठीमागच्या बाजूला लावू लागलो, म्हणजे प्रकाश तेवढाच राहतो आणि फक्त तापमान बदलते. आकडा तरीही वाढतो.

कारण सांगायची वेळ इथे येते, त्याआधी नाही. सिलिकॉनच्या सेलमध्ये वीज निर्माण होते ती प्रकाशामुळे. उष्णता त्यात मदत करत नाही. सेल तापला की त्याचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटते आणि बारा सेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे ही घट बारापट होऊन मीटरवर दिसते. मोठ्या पॅनेलवर लिहिलेली क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.५ टक्के उत्पादन कमी होते. हवेचे तापमान ४० अंश असताना उन्हातील पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज जाते, म्हणजे १२ ते २० टक्के घट झाली, हा हिशोब मुले शेकडेवारीच्या तासाला स्वतः करतात.

पवनऊर्जेसाठी खेळण्यातील मोटर, पुठ्ठ्याची पाती आणि टेबलफॅन एवढ्यावर काम भागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते, हे कळल्यावर पवनचक्क्या उंच पठारावरच का आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते आणि त्याच काळात वारा जोर धरतो, ही गोष्ट मात्र मी आवर्जून सांगतो.

विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोलच्या सुबक पवनचक्क्या मांडल्या जातात आणि त्यामागे मुलांचे कष्टही असतात. पण ज्या प्रतिकृतीत मोजण्यासारखे काहीच नाही, तिच्यातून मुलाला आपली समजूत तपासता येत नाही. पुठ्ठ्याची वेडीवाकडी पाती आणि वहीतील आकड्यांचा तक्ता यांना परीक्षकांनी अधिक गुण द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रयोगानंतर मुले घरच्या पंपाचे पॅनेल धुवायला निघतात, म्हणून एक सूचना मी प्रत्येक वेळी देतो. पॅनेल सकाळी लवकर, ते गार असतानाच, मोठ्या माणसांना सोबत घेऊन धुवावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकू शकते, आणि ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असतेच, त्यामुळे जोडणीला हात लावू नये.